तिसऱ्या पिरियडचा फोन

उज्जैनच्या देवास गेट बसस्टँडवरून सकाळी सुटणाऱ्या एका खटारा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा दहा-अकरा वर्षं माझी होती. तिच्यावर कोणी नवखा बसला तर कंडक्टर म्हणायचा, "उठो भैया, मैडम की सीट है," आणि तो मुकाट्याने उठायचा. ज्या शहरात मी जन्मले, वाढले, त्यात हक्काने माझी म्हणावी अशी ती एकच जागा होती, हे मला ती गेल्यावर कळलं. तेव्हा मात्र मी त्या बसला रोज शिव्या घालत असे.

बस फाट्यावर उतरवायची. तिथून शाळेपर्यंत पायी, पावसाळ्यात दोन्हीकडे सोयाबीन, थंडीत गहू आणि लसूण. शाळा सरकारी, फक्त नववी आणि दहावी. मंजूर शिक्षक कागदावर पुरेसे होते. प्रत्यक्षात कायमचे म्हणावेत असे आम्ही दोघंच: मी गणिताची, आणि हिंदी-संस्कृतचे एक सर, ज्यांच्यावर प्राचार्यपदाचा 'प्रभार' पडला होता. त्यांना सगळे प्रभारी सर म्हणत. विज्ञानाची जागा मी तिथे गेले त्याच्या आधीपासून रिकामी होती. इंग्रजीच्या मॅडम पगाराला आमच्याकडे आणि कामाला उज्जैनच्या एका ऑफिसात 'अटैच' होत्या. अटैच म्हणजे नाव खेड्यात आणि माणूस शहरात. आमच्या खात्यात ही इतकी रुळलेली पद्धत आहे की त्या मॅडम राखीला प्रभारी सरांना मिठाई पाठवायच्या आणि सर ती आम्हा सगळ्यांना वाटायचे. त्यांचं तोंड मी पाहिलं नव्हतं, मिठाई मात्र दरवर्षी खाल्ली.

मग विज्ञान कोण शिकवणार? मी. सरांना मीटिंगला जावं लागलं की दोन्ही वर्ग कोण सांभाळणार? मीच. नववी आणि दहावीच्या खोल्यांमध्ये एक दार होतं. त्या दारात उभं राहून मी डाव्या हाताला नववीला गणित द्यायची आणि उजव्या हाताला दहावीला विज्ञान. अशा शाळांमधून काम केलेल्या कोणालाही विचारा, दारात उभं राहून शिकवणं त्याला येतं. बी.एड.ला हे कोणी शिकवत नाही. मला ते इतकं अंगवळणी पडलं की घरी स्वयंपाकघरातही मी उंबऱ्यावर उभी राहून चहा प्यायला लागले.

घरी तसंही बसून कोणाशी बोलायचं होतं? फ्रीगंजमधलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, आई होती तोवर घर होतं. आमचं घराणं जुनं उज्जैनकर. कोणी पूर्वज दरबारात कारकून होता म्हणे, त्या भांडवलावर आमच्या नातेवाइकांनी दोन-तीन पिढ्या ऐट मारली. लग्न मी केलं नाही. का नाही, हा विषय नातेवाइकांचा आवडता आहे, माझा नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी शहरात बदली मागितली होती, परत परत मागितली. दुपारी तिला पाणी द्यायला कोणी नसायचं; मी शेजारणीच्या हातात किल्ली देऊन बस पकडायची. बदली मिळाली नाही. "आपकी जगह कौन जाएगा?" हे एकच उत्तर. कोणी जाणार नव्हतं, हे खरंच होतं.

आई गेली. मग मी बदली मागायची सोडली. घरात वाट पाहणारं कोणी नसेल तर माणूस सकाळच्या बसवरही खूश असतो.

त्या वर्षी दहावीचा निकाल चांगला लागला. सगळी मुलं गणितात पास झाली आणि दोन मुली तर शहरात अकरावीला गणित घेऊन दाखल झाल्या. गावातून मुलींनी गणित घेऊन पुढे जाणं हे तिथे नवीनच होतं. मागच्या बाकावर बसून मिशीतल्या मिशीत हसणाऱ्या एका पोरानेसुद्धा माझ्या पाया पडून पेढा दिला. मला फार आनंद झाला, उगाच नाही कशाला म्हणू? प्रभारी सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांच्या डोळ्यांत ते पंधरा ऑगस्टलाही येतं.

आणि मग गावकऱ्यांना माझा सत्कार करायची हुक्की आली.

ही कल्पना शाळा समितीच्या अध्यक्षांची. शेती, शिवाय फाट्यावर सिमेंट-सळ्यांचं दुकान, धिप्पाड माणूस, मनाने सोन्यासारखा. त्यांनी मला समजावून सांगितलं की सत्कार हा निमित्त आहे. आमच्याकडे असंच चालतं. शिक्षण खात्याच्या ऑफिसात अर्ज देऊन काही होत नाही, तिथे जिल्ह्याचे साहेब आपल्या खुर्चीत असतात. साहेबांना गावात बोलवायचं, साफा बांधायचा, दाल-बाफले आणि चुरम्याचे लाडू खाऊ घालायचे, स्टेजवर चार शब्द गोड बोलायचे, आणि सगळ्या गावासमोर मागणी ठेवायची. पोटात लाडू असताना आणि डोक्यावर साफा असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. याच रीतीने गावाने रस्ता मिळवला होता, शाळेतलं बोअरिंगही मिळवलं होतं. आता विज्ञानाची मॅडम मिळवायची होती.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली मांडव पडला. साहेब आले. मला शाल, श्रीफळ आणि एक भलंमोठं देवीचं चित्र मिळालं, जे बसमधून आणताना माझे हात मोडले. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. भाषण पाठ केलेलं होतं, तरी ते मध्येच मनातलं बोलायला लागले. "साहब, या एक मैडम ने दो-दो मैडम को काम कर्यो. दारवाजा में उभी रई-रई ने पढ़ायो. एक साइंस की मैडम और दइ दो, तो म्हारी छोरियाँ कां की कां पोंची जाय." टाळ्या पडल्या. मुली अंगणात मांडी घालून बसल्या होत्या, त्यांनी तर तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारल्या.

मग साहेब उठले. साफा जरा डोळ्यांवर आला होता, तो त्यांनी मागे सारला. त्यांना खरोखर भरून आलं होतं. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. "मुझे तो आज पता चला," ते म्हणाले, "कि हमारे यहाँ ऐसी भी शिक्षिका हैं. ऐसी मैडम इस कोने में पड़ी हैं! इनको तो शहर के बड़े स्कूल में होना चाहिए."

पुन्हा टाळ्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांनी वाजवल्या. आमच्यातल्या कोणालाच कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, साहेब कौतुक करताहेत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काही दिवसांतच माझ्या बदलीचा हुकूम आला. उज्जैन शहर, फ्रीगंजपासून चालत जाता येईल अशी मोठी शाळा. आई असताना जे हात जोडून मिळालं नाही, ते आई नसताना शाल-श्रीफळासकट मिळालं. वरातीमागून घोडं.

मी साहेबांना भेटायला गेले. म्हटलं, मला जायचं नाही. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आला असावा. "मैडम, लोग इसके लिए सालों चक्कर काटते हैं," ते म्हणाले. मी म्हटलं, मीही काटले होते, तेव्हा तुम्ही नव्हता. दहावीला गणित कोण शिकवणार? ते म्हणाले, होईल व्यवस्था. शेवटी म्हणाले, "आप भावुक हो रही हैं." मी भावुक झाले नव्हते, मला संताप आला होता. पण आमच्या खात्यात बाईचा संतापही भावुकपणातच जमा होतो.

इंदूरच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पागल आहेस का? आता मस्त घरी जेवायला जात जा. फालतूमध्ये बसचे धक्के खात होतीस इतके साल." तिचंही चूक नव्हतं. घरी जेवायला जाण्यात जी एक अडचण होती ती तिला दिसत नव्हती, कारण तिच्या घरी जेवायला चार माणसं असतात.

अध्यक्ष बायकोला घेऊन घरी आले. सोबत लसणाच्या माळा. ते सोफ्याच्या कडेला बसले आणि चहा हातात धरून राहिले. "मैडम जी, हमने तो तमारो मान कर्यो थो," ते म्हणाले. "यो कई हुइ ग्यो?" साहेबांकडे जाऊन आले होते. साहेब म्हणाले होते, तुम्हीच तर सांगितलंत त्या किती चांगल्या आहेत. त्यावर अध्यक्ष उठून परत आले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पाहून मीच त्यांची समजूत घालत बसले.

नवी शाळा मोठी. शिक्षक इतके की स्टाफरूमचे दोन भाग. गणिताचे शिक्षक एका टेबलाभोवती बसत आणि टेबल भरलेलं होतं. मला खुर्ची मिळाली ती दाराजवळ, वॉटर कूलरच्या शेजारी. दिवसाला माझ्या वाट्याला दोन पिरियड आले, तेही दुसऱ्या एका सरांच्या वाट्यातून काढून, त्यामुळे ते सर काही दिवस माझ्याशी तुटक वागले. बाकी सगळी माणसं चांगली होती. मी चिडून आले होते, मला वाटलं होतं इथे खेड्याला टांग मारून आलेले आळशी लोक असतील. तसं नव्हतं. एकीच्या सासूला लकवा झालेला. एकाचा मुलगा बोलत नाही, त्याला रोज उपचाराला न्यावं लागतं. एकीचा नवरा रेल्वेत, त्याच्या ड्यूटीचा ठिकाणा नाही. प्रत्येकाचं कारण खरं होतं. इतकी खरी कारणं एका स्टाफरूममध्ये गोळा झाली होती आणि तिकडे एका शाळेत दहावीच्या वर्गात फळ्यासमोर कोणी नव्हतं.

"अब आराम करो मैडम, बहुत कर लिया," एक मॅडम मला प्रेमाने म्हणाल्या. मी आराम करू लागले. कूलरमधून पाणी कसं टपकतं ते मी ऐकलं. मधल्या सुटीत आपापले गट डबे उघडत. मलाही बोलावत, मी जात असे, चिवडा खात असे. पण ज्या गोष्टींवर ते हसत त्या माझ्या यायच्या आधी घडलेल्या होत्या. माणसांच्या गर्दीत मी इतकी एकटी कधी नव्हते. गावच्या शाळेत स्टाफरूम म्हणजे एक टेबल आणि प्रभारी सर, तरी तिथे मला एकटं वाटायला सवडच नव्हती.

वर्गही विचित्र वाटे. मुलं हुशार, सगळ्यांच्या संध्याकाळी ट्यूशन. मी फळ्यावर लिहीत जाई, ती उतरवून घेत जात. कोणी मला थांबवत नसे. गावात नुकतीच दहावीत गेलेली एक मुलगी होती, आवाज जरा घोगरा, काही कळलं नाही की सरळ हात वर करून म्हणायची, "रुको मैडम." आधी मला तो उद्धटपणा वाटला होता. नंतर कळलं की ती एकटी वर्गातल्या सगळ्यांच्या वतीने थांबवते. तिला शहरात जाऊन अकरावीला गणित घ्यायचं होतं, आधीच्या दोघींसारखं. तिच्या बापाने सांगितलं होतं, गणितात चांगले नंबर आले तर पाठवीन. नाही आले तर घरी बस असं तो म्हणाला नव्हता. पण ते सांगायची गरजही नव्हती.

फोन तिनेच सुरू केला. जुलैचे दिवस, एके दिवशी तिसऱ्या पिरियडला प्रभारी सरांच्या नंबरवरून फोन आला आणि सरांऐवजी तो घोगरा आवाज. "मैडम, द्विघात समीकरण समझ नहीं आ रहा. सर भी बोल रहे हैं उनको नहीं आता." मागून सरांचा आवाज आला, "अरे, ऐसा नहीं बोलते." मला तिसरा पिरियड रिकामा होता. मी स्टाफरूममधून उठले आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात जाऊन बसले. तिथे कोणी येत नाही, दोन मोडके बाक आणि एक जुना ग्लोब पडलेला असतो. म्हटलं, फोन टेबलावर ठेव, स्पीकर चालू कर, खडू घे, मी सांगते तसं लिही.

त्या दिवसापासून तो माझा खरा पिरियड झाला. सरांचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर, कारण नेटवर्क तिथेच. ती मुलगी फळ्यावर. आणि मी इकडे जिन्यात मांडीवर वही घेऊन. व्हिडिओ जमायचा नाही, नुसता आवाज. मला फळा दिसायचा नाही, चेहरे दिसायचे नाहीत. खडूचा आवाज मात्र ऐकू यायचा, आणि तो मध्येच अडला की मला कळायचं की चुकली. "रुको मैडम," ती म्हणायची, आणि मी थांबायची. त्या एका शब्दासाठी मी सकाळपासून थांबलेली असायची, हे आज सांगायला हरकत नाही.

श्रावण आला. आमचा मराठी श्रावण त्यांच्यानंतर पंधरा दिवसांनी, त्यामुळे माझे उपास सुरू व्हायच्या आत गावाचे अर्धे संपलेले असत. महाकालाच्या सवारीसाठी सोमवारी शहरातल्या शाळा बंद आणि बदल्यात रविवारी चालू. गावात सोमवारी शाळा असायची. म्हणून सोमवारचा पिरियड मी घरून घ्यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून. खाली रस्त्यावर परगावचे यात्रेकरू रिक्षावाल्यांशी घासाघीस करत असायचे आणि मी मोठ्याने समांतर श्रेढी शिकवत असायची. शेजारीण एकदा डोकावून गेली. तिला वाटलं, मी आता एकटीच बोलायला लागले.

पण त्रिकोण फोनवर काढता येत नाही. दहावीला त्रिकोण आहेत, वर्तुळं आहेत. मी सांगायची, "अब ऊपर वाले कोने से सीधी रेखा नीचे," आणि ती विचारायची, कोणता वरचा कोपरा? मागच्या बाकावरच्यांना तर माझा आवाजही पोचायचा नाही. माझ्या मनाला ठाऊक होतं की हे शिकवणं नव्हे, ठिगळ आहे. तिथे माणूस हवा. माझी जागा रिकामी झाली होती, तिच्यावर अतिथी शिक्षक मिळायला हवा होता, म्हणजे त्या वर्षापुरता नेमलेला तात्पुरता शिक्षक. प्रभारी सरांनी मागणी पाठवली होती. सर म्हणत होते, येईल, येईल.

एके दिवशी मी प्रमेय सांगत होते आणि खडूचा आवाज एकदम थांबला. बाक सरकले. सगळा वर्ग उभा राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणाला. मग तो आवाज आला, साफ्याखाली ऐकलेला.

"ये फोन पर कौन है?"

"गणित वाली मैडम, सर," प्रभारी सर म्हणाले. "उज्जैन से पढ़ाती हैं. रोज."

जिन्यात मी फोन कानाशी धरून बसले. मला वाटलं, आता साहेबांच्या लक्षात येईल. समोर वर्ग, फळ्यासमोर एक मुलगी, खिडकीत एक फोन. यापेक्षा उघडं आणखी काय दाखवायचं?

"अरे वाह!" साहेब म्हणाले. "ये तो नवाचार है! आपने बताया क्यों नहीं? एक फोटो लो इसका. बेटा, तुम लिखती रहो, लिखती रहो."

आमच्या खात्यात नवाचार, म्हणजे नवा प्रयोग, या शब्दाला फार मान आहे. जे नाही त्याच्यावाचून कसंबसं भागवलं की त्याला नवाचार म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो फोटो स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर होता. फळा, मुलीची पाठ, खिडकीतला फोन. मी त्यात नव्हते, तरी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. ते तुटक वागणारे सरसुद्धा उठून आले आणि हात मिळवून गेले. इतक्या दिवसांत त्या खोलीत मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं. मला बरं वाटलं. दुपारपर्यंत बरं वाटलं.

संध्याकाळी प्रभारी सरांचा फोन आला. आवाज पडलेला. ऑफिसातून निरोप होता की तुमच्या शाळेत गणिताची व्यवस्था सुरळीत चालू आहे, तेव्हा अतिथी शिक्षक आधी इतर शाळांना दिले जातील. सरांनी खूप सांगून पाहिलं होतं. तिकडून एकच प्रश्न, "पढ़ाई हो रही है कि नहीं हो रही?" खोटं त्यांना बोलता आलं नाही.

मग सर म्हणाले, "मैडम, एक बात कहूँ? बुरा मत मानना. अब आप मत पढ़ाइए."

मला राग आला. मी म्हटलं, मुलांचं वर्ष आहे सर, तुम्ही काय बोलता? ते म्हणाले, "जब तक आप पढ़ाएँगी, हमको कोई नहीं मिलेगा. पीरियड खाली दिखना चाहिए." हा माणूस पंधरा ऑगस्टला रडतो म्हणून मी आयुष्यभर त्याची थट्टा केली. त्या संध्याकाळी तो रडला नाही. रडू मला आलं.

मी रात्री जेवले नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे एकदा झालं तर हसून सोडता येतं. पण प्रत्येक वेळी जे चांगलं केलं तेच त्या मुलांच्या मुळावर आलं होतं. दारात उभी राहून मी दोन जागा भरल्या, म्हणून दुसरी जागा कोणाला रिकामी दिसली नाही. फोनवर मी एक जागा भरली, म्हणून तीही झाकली गेली. आणि हेही खोटं नाही की तो फोन मला त्यांच्यासाठी जितका हवा होता, तितकाच माझ्यासाठी हवा होता. तो बंद केला की दिवसभरात मला थांबवणारं कोणी उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पिरियडला मी अर्धवट राहिलेलं प्रमेय पूर्ण केलं. मग म्हटलं, उद्यापासून मी शिकवणार नाही. नवीन शिक्षक येतील.

"रुको मैडम," ती म्हणाली. "कब आएँगे?"

मी म्हटलं, लवकर.

"तब तक तो पढ़ाओ."

मी म्हटलं, नाही. आणि फोन ठेवला. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं, कारण साहेब पुन्हा आले असते तर तिने ते सरळ त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं. तशीच आहे ती.

त्यानंतरही फोन येत राहिला. रोज, तिसऱ्या पिरियडला. सर म्हणाले, ती ऐकत नाही, येऊन खिडकीतला फोन उचलते, नंबर लावते, आणि मी तिला अडवत नाही. मी जिन्यात जाऊन बसायची. फोन मांडीवर थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. मी तो बंद करू शकत होते, किंवा स्टाफरूममध्ये ठेवून येऊ शकत होते. तसं केलं नाही. उचलायचा नाही एवढंच माझ्या हातात होतं, तेवढं मी केलं. ऐंशी वर्षांच्या आईला एकटं सोडून बस पकडताना जिन्यात माझे पाय जड व्हायचे, तसे या जिन्यात बसल्याजागी व्हायचे. ती मुलगी मला काय म्हणत असेल ते मला ऐकू येत असे. मॅडम शहरात गेल्या आणि बदलल्या. दुसरं काय म्हणणार?

तिमाही परीक्षा झाली. दहावीच्या गणिताचा निकाल व्हायचा तोच झाला. तो कागद घेऊन अध्यक्ष पालकांना ट्रॅक्टरमध्ये घालून साहेबांच्या ऑफिसात गेले. या वेळी साफा नव्हता, लाडू नव्हते. सर सांगत होते की अध्यक्ष तिथे फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तिसऱ्या पिरियडला आमची मुलं भिंतीकडे पाहून बसतात, तुम्ही येऊन फोटो काढा.

दसऱ्याच्या सुट्या संपल्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या पिरियडला मी नेहमीप्रमाणे जिन्यात गेले. फोन वाजला नाही. मी आवाज मोठा आहे ना ते पाहिलं. नेटवर्क पाहिलं, ते भरपूर होतं. वाटलं, गावात शाळा उद्यापासून असेल. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. पिरियड संपल्याची घंटा झाली तेव्हा मला कळलं, तिथे कोणीतरी आलं असणार, आणि मी खाली वर्गावर गेले.

संध्याकाळी प्रभारी सरांचा फोन आलाच. "मैडम, आ गई! गणित वाली. देवास की है, जवान लड़की है, फाटे से पैदल आती है." मी विचारलं, त्रिकोण शिकवायला घेतले का? सर म्हणाले, पहिल्याच दिवशी. आणि ती घोगऱ्या आवाजाची? सर हसले. "उसने तो पहले ही पीरियड में नई मैडम को रोक दिया." मला आनंद झाला. खराखुरा झाला, त्यात काही खोट नव्हती. मी दिवा लावला, खिचडी टाकली, बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पिरियडला मी पुन्हा जिन्यात होते. पाय आपोआप गेले. गच्चीवर वाळत घातलेले स्काउटचे झेंडे आणायला 'आराम करो' म्हणणाऱ्या त्या प्रेमळ मॅडम वर चालल्या होत्या. मला बघून थबकल्या. मांडीवरच्या फोनकडे त्यांनी पाहिलं.

"किसी का फोन आने वाला है क्या, मैडम?"

"नहीं," मी म्हटलं. "अब नहीं आएगा."

आणि त्यांना वर जाता यावं म्हणून मी जरा भिंतीकडे सरकले.